मधुचंद्र अमेरिकेतच करायचा आहे, पण पत्नीचा ग्रीन कार्डाचा अर्ज प्रलंबित आहे: कुठे जावे, कुठे जाऊ नये?

नीरेकाठचा, न्यू जर्सी

नमस्कार. आमचे लग्न मार्चमध्ये इथेच, न्यू जर्सीत झाले. मी अमेरिकेचा नागरिक आहे. पत्नी पुण्याची असून एम.एस. करण्यासाठी एफ-१ या विद्यार्थी व्हिसावर ओहायोत आली होती. तिच्या ओपीटीची (शिक्षणानंतर काही काळ काम करण्याच्या परवानगीची) मुदत संपण्यापूर्वीच आम्ही आय-१३० (मी पत्नीसाठी करायचा) आणि आय-४८५ (तिचा ग्रीन कार्डाचा) हे दोन्ही अर्ज एकत्र पाठवले. त्यांच्या पोचपावत्या आल्या आणि बोटांचे ठसेही देऊन झाले. आता वर्क परमिट आणि मुलाखतीचे पत्र या दोन गोष्टींची वाट पाहत आहोत. ओपीटी मात्र मधल्या काळात संपली. त्यामुळे आज तिच्या हातात भारतीय पासपोर्ट, ज्यातल्या व्हिसाची मुदत उलटून गेली आहे, देशात प्रवेश केल्याची नोंद असलेल्या आय-९४ ची छापील प्रत आणि आय-७९७सी या पोचपावत्या, एवढेच कागद आहेत. तिचा वाहन परवानाही ओपीटीच्या तारखेलाच बांधलेला असल्याने तोही संपला आहे.

घर सासवडचे असल्यामुळे लग्नानंतर जेजुरीला जायचे, हे आमच्याकडे विचारायचीसुद्धा गोष्ट नसते. ‘खंडोबाला कधी येताय?’ हा आईचा प्रश्न दर रविवारी फोनवर येतो आणि दर रविवारी मी तिला अ‍ॅडव्हान्स परोल, म्हणजे अर्ज प्रलंबित असताना देशाबाहेर जाऊन परतण्यासाठी आधी घ्यायची परवानगी, काय असते ते नव्याने समजावून सांगतो. ती शांतपणे ऐकून घेते आणि पुढच्या रविवारी तोच प्रश्न विचारते. भारतात सध्या जाता येणार नाही हे आम्ही दोघांनी मनाशी स्वीकारले आहे. निदान मधुचंद्र तरी लांबणीवर पडू नये, म्हणून सप्टेंबरमध्ये आठ-नऊ दिवस अमेरिकेतच कुठेतरी जावे असे ठरवले आहे.

मनात चार ठिकाणे आहेत. पहिले, सिएटलहून निघणारी अलास्काची क्रूझ, जी पत्नीला फार आवडली आहे आणि जिच्याबद्दल तिकिटे काढून देणाऱ्या एजंटने ‘अलास्का म्हणजे अमेरिकाच, काही अडचण नाही’ असे ठामपणे सांगितले. दुसरे हवाई. तिसरे टेक्सासमधले बिग बेंड राष्ट्रीय उद्यान, कारण तिची मैत्रीण ऑस्टिनला राहते. आणि काहीच जमले नाही तर नायगारा. माझे काही सहकारी म्हणतात की अर्ज प्रलंबित असताना तेही कॅनडाला जाऊन आले आणि काही बिघडले नाही. दुसरीकडे एक नातेवाईक म्हणतात की कार्ड हातात येईपर्यंत राज्याबाहेरही पाऊल टाकू नका. ज्यांनी हा काळ स्वतः काढला आहे, त्यांनी कृपया सविस्तर लिहावे. वकिलांना विचारणारच आहोत, पण त्यांच्याकडे नेमके काय विचारायचे, तेही आधी कळायला हवे.

पावसातला सिएटलकर

सर्वप्रथम अभिनंदन, आणि त्या क्रूझचे पैसे भरले नसतील तर कृपया भरू नका.

अलास्का अमेरिका आहे, हे तुमच्या एजंटचे म्हणणे खरे आहे. पण तुम्ही तिथे कोणत्या वाटेने जाता, हा प्रश्न वेगळा आहे आणि तुमच्या बाबतीत तोच महत्त्वाचा आहे. अमेरिकेत १८८६ सालचा एक कायदा आहे, ज्यानुसार परदेशी झेंड्याखाली नोंदलेल्या जहाजाला केवळ अमेरिकी बंदरांदरम्यान प्रवासी नेता येत नाहीत. मोठ्या क्रूझ जहाजांपैकी जवळजवळ सगळी परदेशांत नोंदलेली असतात. म्हणून सिएटलहून अलास्काला जाऊन परत येणारी जहाजे वाटेत एखाद्या कॅनडियन बंदराला लागतात, बहुतेक वेळा व्हिक्टोरियाला. माहितीपत्रकात हा थांबा शेवटच्या संध्याकाळी चार-पाच तासांचा म्हणून बारीक अक्षरांत दिलेला असतो आणि नजरेतून सहज निसटतो. आम्हीही तो पाहिला नव्हता. तिकिटे काढल्यावर दोन आठवड्यांनी पत्नीने नकाशावरची ठिपक्यांची रेघ बोटाने गिरवत नेली, तेव्हा बोट कॅनडात गेले. तिकिटे रद्द केली आणि अनामत रक्कम गेली. आपण खोलीतच बसून राहू, खाली उतरणार नाही, ही पळवाट मीही वकिलांना विचारून पाहिली होती. पण जहाज परदेशी बंदराला लागून आलेले असते आणि परतताना तुमची तपासणी परदेशातून आलेल्या प्रवाशासारखीच होते, हे त्यांचे उत्तर होते.

अ‍ॅडव्हान्स परोल हातात नसताना देशाबाहेर गेल्यास आय-४८५ सोडून दिला असे सर्वसाधारणपणे मानले जाते. आता तुमच्या सहकाऱ्यांच्या अनुभवाबद्दल. ते खोटे सांगत नाहीत, पण ते बहुधा एच-१बी या नोकरीच्या व्हिसावर असावेत. एच-१बी, एच-४, एल-१, एल-२ अशा काही मोजक्या, नोकरदारांच्या आणि त्यांच्या कुटुंबीयांच्या व्हिसा-वर्गांना ते स्टेटस कायम ठेवून परत येता येत असल्यास परोलविना बाहेर जाण्याची सवलत आहे. एफ-१ त्या यादीत नाही. आपल्या मराठी मंडळींत एच-१ वाल्यांची संख्या मोठी असल्यामुळे ‘आम्ही तर जाऊन आलो’ हे वाक्य प्रत्येक स्नेहसंमेलनात ऐकू येते आणि ते ऐकणाऱ्या एखाद्या एफ-१ वाल्याचे त्यात नुकसान होते. सल्ला देणाऱ्याचे स्टेटस काय होते, हे आधी विचारून घ्यावे, असे माझे मत झाले आहे.

अलास्काच पाहायचे असेल तर सिएटलहून अँकरेजला विमानाने जा. ते देशांतर्गत विमान असते आणि वाटेत खाली कॅनडा दिसला तरी तुम्ही कॅनडात गेलात असे होत नाही. अँकरेजहून डेनाली राष्ट्रीय उद्यानापर्यंत रेल्वे आहे. सप्टेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात तिकडचा टुंड्रा तांबडा-पिवळा झालेला असतो आणि गर्दी ओसरू लागलेली असते. मात्र त्यानंतर तिथला हंगाम झपाट्याने आवरतो, हे तारखा ठरवताना ध्यानात ठेवा. समुद्रानेच जायची हौस असेल, तर वॉशिंग्टन राज्यातल्या बेलिंगहॅमहून केचिकनला जाणारी अलास्का राज्याची सरकारी फेरी आहे, जी वाटेत कॅनडात कुठेही थांबत नाही. दीड दिवसाहून अधिक लागतो, तिच्यावर ना नाचगाणी असतात ना बुफे, आणि काही प्रवासी वरच्या डेकवर चक्क तंबू लावून झोपतात. मधुचंद्राला हे चालेल की नाही, ते तुम्ही दोघांनी ठरवायचे. मोटारीने अलास्काला जायचा विचार मात्र करू नका, कारण तो रस्ता कॅनडातूनच जातो.

हवाईबद्दल माझा कौल निःसंशय होकारार्थी आहे. मुख्य भूमीवरून होनोलुलूला जाणे हे न्यूअर्कहून शिकागोला जाण्यासारखेच देशांतर्गत आहे. तिथे बेटाबेटांमधून फिरणारे ‘प्राइड ऑफ अमेरिका’ हे जहाज अमेरिकी झेंड्याखाली नोंदलेले असल्यामुळे त्याला परदेशी बंदर गाठावे लागत नाही. म्हणजे क्रूझची हौस तिथे निर्धोकपणे भागू शकते.

तुम्ही विचारलेले नाही, तरी दोन बेटांबद्दल लिहितो. अमेरिकन सामोआ हा अमेरिकेचा प्रदेश आहे आणि तिथे राष्ट्रीय उद्यानही आहे, परंतु इमिग्रेशन कायद्यात ‘युनायटेड स्टेट्स’ची जी व्याख्या आहे, तिच्यात तो बसत नाही. होनोलुलूहून तिथे जाणे म्हणजे कायद्याने देश सोडणेच. यूएस व्हर्जिन आयलंड्स त्या व्याख्येत येतात, पण तिथून मुख्य भूमीकडे येणाऱ्या विमानात बसण्यापूर्वी प्रवाशांची कागदपत्रे सीमाशुल्क आणि सीमा विभागाचे अधिकारी पाहतात. स्टेटस संपलेले आणि अर्ज प्रलंबित असताना आपणहून त्या खिडकीसमोर का उभे राहावे? कॅरिबियन समुद्रच हवा असेल तर प्वेर्तो रिको बरे.

मोगरा, ऑस्टिन

बिग बेंड हे माझे अमेरिकेतले सर्वांत आवडते ठिकाण आहे आणि तरीही तुम्ही या वर्षी तिथे जाऊ नये, असे मी म्हणेन.

उद्यान रिओ ग्रांदे नदीला लागून आहे आणि पलीकडचा काठ मेक्सिकोचा आहे. उद्यानातच बोकियास नावाचा अधिकृत नाका आहे, जिथून लोक छोट्या होडीत बसून नदी ओलांडतात, पलीकडच्या गावात जेवतात आणि दुपारी परत येतात. नदी इतकी अरुंद आहे की पलीकडच्या माणसाला हाक मारली तर तो उत्तर देईल. या अंगणातून त्या अंगणात गेल्यासारखे वाटते, आणि म्हणूनच तो मोह धोकादायक आहे. कायद्याच्या दृष्टीने ते परदेशगमनच आहे.

नदी ओलांडली नाही तरी दुसरी गोष्ट टळत नाही. उद्यानातून उत्तरेकडे परतताना रस्त्यावर बॉर्डर पेट्रोलचा, म्हणजे सीमेवर गस्त घालणाऱ्या दलाचा, तपासणी नाका लागतो. असे नाके दक्षिण टेक्सास, न्यू मेक्सिको आणि ॲरिझोनातल्या अनेक हमरस्त्यांवर आहेत, सीमेपासून बरेच आत. माझाही अर्ज प्रलंबित असताना आम्ही तिथून परतत होतो. अधिकाऱ्याने खिडकीतून विचारले, ‘तुम्ही नागरिक आहात का?’ गाडी चालवणाऱ्या नवऱ्याने सवयीने दोघांच्या वतीने ‘हो’ म्हणून टाकले. मी लगेच ‘ते आहेत, मी नाही’ असे स्पष्ट सांगितले आणि मांडीवरची प्लास्टिकची फाइल पुढे केली. ती त्याच मांडीवर उघडलेल्या शेंगदाण्याच्या चटणीच्या पुडीने तेलकट झाली होती. त्याने पासपोर्ट, आय-९४ आणि पोचपावती नीट वाचली, आत जाऊन आला आणि आम्हाला सोडले. सगळे मिळून दहा मिनिटेही लागली नसतील. पण माझे वर्क परमिट तेव्हा आलेले होते आणि एच-४ ची मुदतही शिल्लक होती. तुमच्या पत्नीकडे आज या दोन्ही गोष्टी नाहीत.

हा प्रसंग सांगण्यामागे खरे कारण नवऱ्याचा तो ‘हो’ आहे. अमेरिकेचे नागरिकत्व नसताना आहे असे सांगणे ही चूक ग्रीन कार्डाच्या अर्जात जवळजवळ भरून न येणारी मानली जाते. आपल्याकडे दोघांच्या वतीने एकानेच बोलण्याची पद्धत आहे. प्रवासात ती बाजूला ठेवा आणि ज्याचा प्रश्न त्यानेच उत्तर द्यावे, असे निघण्यापूर्वी ठरवून घ्या.

टपालपेटी

कुठे जावे हे वरच्या दोघांनी सांगितले आहे, म्हणून मी फक्त कागदांविषयी लिहितो.

विमानतळावरच्या सुरक्षा तपासणीत ७ मे २०२५ पासून रिअल आयडीची, म्हणजे केंद्रीय निकषांनुसार दिलेल्या परवान्याची वा ओळखपत्राची, सक्ती लागू झाली असली, तरी परदेशी पासपोर्ट हे तिथे मान्य ओळखपत्र आहे. त्यातला व्हिसा संपलेला असला तरी पासपोर्टची स्वतःची मुदत चालू असणे पुरेसे आहे. वर्क परमिटचे कार्ड आले की तेही चालते. मुळात अठरा वर्षांवरील परकीय नागरिकाने नोंदणीचा पुरावा सतत जवळ बाळगावा, असा इथला कायदा आहे. म्हणून आय-९४ ची प्रत हॉटेलातल्या बॅगेत न ठेवता अंगावरच्या पर्समध्ये असू द्या. सोबत आय-४८५ ची पोचपावती आणि विवाह प्रमाणपत्राची प्रत ठेवा. पोचपावती हे ओळखपत्र नव्हे, पण विचारणा झाल्यास अर्ज प्रलंबित असल्याचे तिच्यावरून दाखवता येते.

तिकिटावरच्या नावाकडे विशेष लक्ष द्या. आपल्याकडे लग्नानंतर केवळ आडनाव बदलत नाही, मधले वडिलांचे नाव जाऊन तिथे नवऱ्याचे नाव येते. तुमच्या पत्नीचा पासपोर्ट माहेरच्या नावाने असणार आणि अर्ज कदाचित सासरच्या नावाने भरला असेल. विमानतळावर जे ओळखपत्र दाखवायचे आहे, त्यावर जे नाव असेल त्याच नावाने तिकीट काढा. आमच्या घरी तिकीट काढताना उत्साहाच्या भरात नवे नाव टाकले गेले होते आणि ते बदलून घेण्यासाठी एक पूर्ण दुपार फोनवर गेली.

वाहन परवान्याबद्दल एक उपयुक्त गोष्ट अशी की रिअल आयडी कायद्यात कायदेशीर वास्तव्याचे जे प्रकार मोजले आहेत, त्यांत कायम निवासाचा अर्ज प्रलंबित असलेल्यांचाही समावेश आहे. त्या आधारावर तात्पुरत्या मुदतीचा परवाना मिळू शकतो. पोचपावती घेऊन राज्याच्या मोटार वाहन कार्यालयात चौकशी करा. तोवर भाड्याची गाडी तुमच्या नावावर घ्या आणि चालवाही तुम्हीच.

शेवटचा आणि माझ्या मते सर्वांत दुर्लक्षित मुद्दा टपालाचा आहे. तुम्ही नऊ दिवस बाहेर असताना मुलाखतीचे पत्र येऊ शकते. मुलाखतीला कळवल्याशिवाय गैरहजर राहिल्यास अर्ज सोडला असे धरून तो नाकारला जाऊ शकतो. इमिग्रेशन खात्याची पत्रे दुसऱ्या पत्त्यावर पुढे पाठवली जात नाहीत, त्यामुळे टपाल भावाकडे वळवून ठेवण्याची युक्ती इथे उलटते. टपाल खात्याला सांगून ३ ते ३० दिवसांपर्यंत पत्रे रोखून ठेवता येतात. ती सोय घ्या, अर्जाच्या ऑनलाइन खात्यात रोज एकदा डोकावा, आणि पेटीत काय येणार आहे त्याची छायाचित्रे ई-मेलवर पाठवण्याची टपाल खात्याची मोफत सेवाही सुरू करून ठेवा. विमान आणि हॉटेल दोन्ही परताव्याच्या अटीवरच आरक्षित करा. चार पैसे जास्त जातील, ते जाऊ द्या.

लिंबाचे लोणचे, रॉचेस्टर

वरचे सगळे वाचून नव्या जोडप्याला धडकी भरायची, म्हणून थोडे वेगळे लिहिते. राज्याबाहेर पाऊल टाकू नका, हे तुमच्या नातेवाइकांचे म्हणणे मला पटत नाही. ही प्रक्रिया किती महिने चालेल हे कुणी सांगू शकत नाही आणि तोवर दोन तरुण माणसांनी घरात बसून रोज अर्जाची स्थिती पाहत राहणे, हे लग्नासाठी बरे नाही. आम्ही त्या काळात नायगाराला गेलो. अमेरिकेच्या बाजूने धबधबा नीट दिसत नाही, ही समजूत निम्मीच खरी आहे. गोट आयलंडच्या टोकाला टेरापिन पॉइंट आहे, तिथे घोड्याच्या नालेच्या आकाराचा मोठा धबधबा तुमच्या पायाशी कोसळत असतो. फक्त रेनबो ब्रिजकडे जाणाऱ्या मार्गिकेत गाडी घालू नका, कारण तो पूल कॅनडात उतरतो. रेल्वेने आलात तर ‘मेपल लीफ’ ही गाडी पुढे टोरंटोला जाते, म्हणून नायगारा फॉल्स, न्यूयॉर्क या स्थानकावर न विसरता उतरा. या भागात बॉर्डर पेट्रोलची माणसे दिसतात, हे मात्र सांगायला हवे. त्यामुळे सध्याच्या वातावरणात तुमच्या पत्नीसाठी मीही हवाईच्याच बाजूने आहे.

प्रवासाच्या पावत्या आणि छायाचित्रे जपून ठेवा, पण मुलाखतीसाठी म्हणून छायाचित्रे काढत बसू नका. आमच्या मुलाखतीत अधिकाऱ्याने सजवलेला अल्बम भराभर उलटला आणि रेनकोटमध्ये भिजलेल्या आमच्या एका वाकड्या छायाचित्राशी थांबून विचारले, ‘हे कुणी काढले?’ आम्ही दोघेही एकदमच म्हणालो की सुरतेच्या एका आजोबांनी काढले आणि त्यात त्यांचा अंगठाही आला आहे. कोपऱ्यात अंगठा खरोखरच होता. त्यावर तो हसला.

आता तुमच्या आईंबद्दल. अ‍ॅडव्हान्स परोलसाठी आय-१३१ भरलेला नसेल तर तो आताही भरता येतो. एप्रिल २०२४ पूर्वी तो आय-४८५ सोबत विनाशुल्क होता, आता त्याचे ६३० डॉलर पडतात. तो मिळाला तरी परतताना प्रवेशाची हमी नसते, म्हणून तो वापरायचा की नाही हे वकिलांना विचारूनच ठरवा. मला विचाराल तर जेजुरीसाठी त्याचा धोका पत्करू नका. आम्ही लग्नानंतर तिसऱ्या वर्षी जेजुरीला गेलो. पाच पायऱ्या बायकोला उचलून चढायची रीत आहे. यांनी तिसऱ्या पायरीवर मला खाली ठेवले आणि भंडाऱ्याने माखलेल्या त्या गर्दीत ‘उरलेल्या दोन पुढच्या वेळी’ असे जाहीर केले. खंडोबाने ते मान्य केले असावे, कारण त्यानंतर आमचे काही बिघडलेले नाही.

नीरेकाठचा, न्यू जर्सी

सर्वांचे मनापासून आभार. क्रूझचे माहितीपत्रक पुन्हा काढून पाहिले. सहाव्या दिवसासमोर ‘व्हिक्टोरिया, रात्री ८ ते ११.५९’ असे लिहिलेले होते. ते आम्ही दोघांनीही वाचले होते आणि व्हिक्टोरिया हे अलास्कातलेच एखादे गाव असावे, असे धरून चाललो होतो.

काल वकीलबाईंशी बोलणे झाले. त्यांनी हवाईला हरकत घेतली नाही. व्हर्जिन आयलंड्स आणि दक्षिण सीमेलगतचे रस्ते या दोन्हींना मात्र त्यांनी स्पष्ट नकार दिला. न्यूअर्कहून होनोलुलूचे थेट विमान आणि पुढे माउई असे ठरले आहे. तिथल्या हालेआकाला ज्वालामुखीवर सूर्योदय पाहण्यासाठी गाडीचे आरक्षण ६० दिवस आधी खुले होते असे कळले, तेव्हा तो गजर आत्ताच लावून ठेवला. तिकीट पासपोर्टवरच्या, म्हणजे माहेरच्या नावाने काढले. आय-१३१ भरायचा निर्णय पुढे ढकलला आहे. आईला मी या वेळी कायदा समजावला नाही. लोणचेबाईंच्या तीन पायऱ्यांची हकिकत वाचून दाखवली. ती खूप हसली आणि म्हणाली, ‘तू आतापासून व्यायाम कर.’

एक शेवटची शंका आहे. पत्नीला तिथले आंबे चाखायचे आहेत आणि घरीही आणायचे आहेत. जमेल का?

पावसातला सिएटलकर

चाखा, पण आणू नका. हवाईहून मुख्य भूमीकडे निघताना विमानतळावर इमिग्रेशनची नाही, तर कृषी खात्याची तपासणी असते. प्रत्येक बॅग त्यांच्या यंत्रातून जाते. ताजा आंबा तिथेच काढून घेतात, अननस आणि नारळ मात्र जाऊ देतात. आमचे चार आंबे पकडले गेले, तेव्हा आम्ही रांगेतून बाजूला होऊन बाकावर बसलो आणि दोन जागीच खाऊन संपवले. उरलेले दोन कचऱ्याच्या पेटीत टाकताना पत्नीचा चेहरा पाहवत नव्हता.